आवाज आपले, चावी कुणाकडे?



आमच्याकडे 43 आवाज होते. आज त्यातले 16 उरले आहेत. बाकीचे 27 कुठे आहेत हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे, पण तिथे आम्हाला जाता येत नाही.

2017 ते 2019 या काळात आमच्या अभ्यासिकेतल्या पाच-सहा जणांनी तालुक्यातली गावं पालथी घातली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला जाऊन आलेली माणसं शोधायची, त्यांच्यासमोर मोबाईल ठेवायचा आणि त्यांना बोलू द्यायचं, एवढंच काम. एका आजीच्या आईने तिकिटासाठी चांदीचे तोडे मोडले होते. एका आजोबांना त्या दिवसाचं फक्त पांढरं लुगडं आणि पांढरं धोतर आठवत होतं, माणसांचा पांढरा समुद्र. एकांनी सांगितलं की परत आल्यावर वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले आणि मग बराच वेळ काठावर नुसतेच उभे राहिले. घाबरून की मोकळं होऊन, ते लहान पोराला कळलं नाही. साठ वर्षांनी आमच्यापुढे बोलतानाही ते त्याच प्रश्नाशी थांबले होते.

हे सगळं 'क्लाउडवर सेफ आहे' असं आमचा एक सहकारी सांगायचा आणि आम्ही निर्धास्त असायचो. रेकॉर्डिंग त्याच्या फोनमधून त्याच्याच खात्यावर आपोआप जायचं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत तो गेला. त्याचा फोन फॉरमॅट करून घरच्यांनी पुतण्याला ऑनलाइन शाळेसाठी दिला. रिचार्ज कुणी केलं नाही म्हणून नंबर बंद पडला. पुढच्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात ते आवाज ऐकवायचं ठरलं, तेव्हा कळलं की पासवर्ड कुणालाच माहीत नाही आणि ओटीपी जातोय तो नंबर आता या जगात नाही.

वहिनींच्या सहीने कंपनीला अर्ज केला, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आलं, खात्यातला मजकूर देता येणार नाही. राग आला, पण विचार केल्यावर तो नियम अगदीच चुकीचा वाटला नाही. मेलेल्या माणसाची पत्रं उद्या कुणीही येऊन मागेल. चूक आमची होती. समाजाचा ठेवा आम्ही एका माणसाच्या मोबाईल नंबरला बांधून ठेवला होता. आणि मित्रांनो, खरं सांगा, आपल्या किती संघटना आज अशाच एका माणसाच्या नंबरवर उभ्या आहेत?

तेव्हापासून आम्ही हा विषय शिकायला लागलो. आमचं शिक्षण समाजशास्त्राचं. सर्व्हर, व्हर्च्युअल मशीन हे पुण्यात नोकरी करणाऱ्या चळवळीतल्या पोरांनी आम्हाला सुट्टीच्या दिवशी शिकवलं. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की क्लाउड आभाळात नसतो. तो जमिनीवर असतो, त्या जमिनीला मालक असतो, दाराशी वॉचमन असतो आणि महिन्याला विजेचं प्रचंड बिल असतं. नवी मुंबईत ऐरोली-महापेकडे गेलात तर खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती दिसतील. तो ढग आहे. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने 2016 मध्ये आणि गूगलने 2017 मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. म्हणजे आपण ज्याला 'वर टाकलं' म्हणतो ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी आवारात टाकलेलं असतं.

धंदा म्हणून हे फार जुनं नाही. ॲमेझॉनने 2006 मध्ये आधी साठवणुकीची जागा आणि मग संगणकाची ताकद भाड्याने द्यायला सुरुवात केली. कल्पना मात्र जुनी आहे. जॉन मॅकार्थी या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1961 मध्येच म्हणून ठेवलं होतं की टेलिफोनसारखी संगणनशक्तीसुद्धा एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. प्रत्येकाने घरी जनित्र ठेवायचं नाही, तारेतून वीज घ्यायची आणि मीटरप्रमाणे पैसे भरायचे, तसंच हे.

विजेचा दाखला आला की आंबेडकरी माणसाचे कान टवकारले पाहिजेत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, 1943 मध्ये, बाबासाहेबांनी वीज धोरणाच्या बैठकीत मांडलेला प्रश्न हाच होता. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल? 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत ही मागणी त्यांनी थेट घटनेच्या कलमांच्या भाषेत लिहिली. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, जात वैधतेचा अर्ज, शाळेचा निकाल हे सगळं कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवरून चालतं. मग तो मूलभूत उद्योग नाही तर काय? केंद्र सरकारच्या क्लाउड उपक्रमाला 'मेघराज' असं छान नाव आहे, पण सरकारी कामासाठी खाजगी क्लाउड कंपन्यांनाही मान्यता दिलेली असते. नाव सरकारचं आणि इमारत शेटजीची, असं कुठे कुठे झालं आहे यावर आपल्यातल्या वकिलांनी आणि पत्रकारांनी माहितीचा अधिकार वापरून काम करायला हवं. तो वेगळा लेख होईल.

आता प्रकारांकडे येऊ. पुस्तकात तीन नावं भेटतात: इन्फ्रास्ट्रक्चर ॲज अ सर्व्हिस, प्लॅटफॉर्म ॲज अ सर्व्हिस, सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस. आम्हाला ती 14 एप्रिलच्या मांडवात समजली.

जयंती मंडळाने मांडववाल्याकडून नुसते पाइप, बल्ल्या, कापड आणि मोकळं मैदान भाड्याने घेतलं, तर उभारणी आपली, वायरिंग आपलं, स्टेज किती उंच ते आपण ठरवणार. वाऱ्याने मांडव पडला तर तेही आपल्याच अंगावर. हा पहिला प्रकार. कंपनी कोरा संगणक देते, पुढचं सगळं तुम्ही बघा. ॲमेझॉनचं ईसीटू हे त्याचं सगळ्यात जुनं ठळक उदाहरण.

दुसऱ्या प्रकारात मांडव उभा आहे, स्टेज, माइक, लाइट, जनरेटर तयार आहे. तुम्ही फक्त वक्ते आणि शाहीर आणायचे. गूगलने 2008 मध्ये आणलेलं ॲप इंजिन यात मोडतं. तुम्ही प्रोग्रॅम लिहून द्या, तो चालवायचं काम त्यांचं. अडचण एवढीच की या मांडवाचं स्टेज त्यांच्या मापाचं असतं. उद्या दुसऱ्या मैदानावर जायचं म्हटलं तर कार्यक्रम नव्याने बसवावा लागतो.

तिसऱ्यात कार्यक्रमच तयार असतो. ऑर्केस्ट्रा त्यांचा, निवेदक त्यांचा. तुम्ही खुर्चीवर जाऊन बसायचं. ईमेल, फोटो साठवायची ॲप, ऑनलाइन फॉर्म, व्हिडिओ बैठका, आपण रोज वापरतो ते जवळजवळ सगळं याच प्रकारातलं. सोपं आणि बहुतेक वेळा फुकट. पण पुढचं गाणं कुठलं वाजेल आणि कार्यक्रम कधी आटोपेल हे खुर्चीवाल्याला कुणी विचारत नाही. ऑर्कुट आठवतं का? आपल्या वयाच्या कित्येकांनी तिथे जातीवर पहिल्यांदा जाहीर वाद घातले. 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं. ते वाद आता कुठे शोधायचे?

आमचे 27 आवाज या तिसऱ्या प्रकारात अडकलेत.

इथे एक गैरसमज मोडायला हवा, कारण आमचाही होता. कंपनी जितकं जास्त सांभाळते तितकं आपलं जास्त सुरक्षित, असं वाटतं. अर्धं खरं आहे. यंत्र बिघडलं, डिस्क जळली तर ते बघायला त्यांची माणसं असतात, आणि आपल्या कपाटातल्या पेनड्राइव्हपेक्षा ते नक्कीच भरवशाचं. पण यंत्र न बिघडताही आपलं आपल्या हातून जाऊ शकतं, आणि त्या बाबतीत तिसरा प्रकार सगळ्यात कच्चा. दारावरचं कुलूप त्यांचं, नियम त्यांचे. गूगलने 2023 मध्ये जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती मिटवली जाऊ शकतात, आणि त्या डिसेंबरपासून अंमलही सुरू झाला. अशा अटी इतर फुकट सेवांनाही असतात, आणि त्या आपण 'मान्य' दाबताना स्वीकारलेल्याच असतात.

उलट पहिल्या प्रकारात मोकळीक मोठी, पण जबाबदारीही तेवढीच. आमच्या ओळखीच्या एका संस्थेने हौसेने भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःची वेबसाइट उभी केली. करणारा मुलगा नोकरीला लागला, अपडेट करायला कुणी उरलं नाही. एक दिवस बघतो तर वर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली रमीच्या जाहिराती! कुणीतरी सर्व्हरमध्ये शिरून बसलं होतं. दुसऱ्या एका पोराने सराव म्हणून मोठं मशीन चालू केलं आणि बंद करायचं विसरला. मीटर फिरत राहिला. बिल आलं तेव्हा त्याने आधी आम्हाला फोन केला, बापाला नाही.

मीटरची आणखी एक गंमत ऐकून ठेवा. मोठ्या कंपन्यांच्या साठवणुकीत माल आत टाकायला सहसा पैसे पडत नाहीत, ठरावीक मर्यादेपलीकडे बाहेर काढायला पडतात. जुन्या रेकॉर्डसाठी अतिशय स्वस्त 'थंड' साठवण मिळते, पण ती परत मागवताना वेळही लागतो आणि आकारही द्यावा लागतो. सावकाराच्या वहीचा ज्यांना पिढीजात अनुभव आहे त्यांना हे जास्त समजवायला नको.

आता दुसरी वाटणी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2011 मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली ती दोन-तीन पानांत मावते. तिच्यात मघाचे तीन सेवाप्रकार आहेत आणि चार मांडणीचे प्रकार आहेत: सार्वजनिक, खाजगी, मिश्र आणि सामुदायिक. सार्वजनिक म्हणजे कुणीही पैसे देऊन भाड्याने घेऊ शकेल असा. तिथे ठेवलेलं सगळ्यांना दिसतं, असा त्याचा अर्थ नाही. खाजगी म्हणजे एकाच संस्थेपुरता. मिश्र म्हणजे थोडं इथे, थोडं तिथे. आणि सामुदायिक म्हणजे सारखी गरज, सारखी काळजी असलेल्या अनेक संस्थांनी मिळून वापरायचा. जाहिरातींमध्ये आणि कोर्सेसमध्ये हा शेवटचा प्रकार क्वचितच भेटतो. विकायला काही नसल्यामुळे असेल. आमचं डोकं मात्र तिथेच अडकलं.

कारण 'सगळ्यांना दिसणं' हा आमच्यासाठी शब्दांचा खेळ नव्हता. एका आजीने मुलाखतीत 1956 नंतर गावाने पाणी कसं तोडलं ते घरांच्या नावांसकट सांगितलं होतं. ती घरं आजही तिथेच आहेत, ग्रामपंचायतीत आहेत. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने ते रेकॉर्डिंग 'लिंक असलेल्या कुणालाही' या पर्यायाने एका ग्रुपवर टाकलं. लिंक फिरत फिरत त्या गावात पोचली. आजींच्या मुलाला मोठ्या घरातून बोलावणं आलं. तो शेतमजूर माणूस. पुढे काही झालं नाही, पण त्याने हात जोडून आम्हाला सांगितलं, "दादा, आई बोलली ते खरं हाय, पण मला हितंच ऱ्हायचं हाय." त्या दिवशी आम्हाला कळलं की कुणाला काय दिसावं हे ठरवण्याची सत्ता आपल्या हातात असणं म्हणजे काय. ती सत्ता सेटिंगच्या एका बटणात होती आणि आम्ही ते बटण वाचलंही नव्हतं.

'मूकनायक' निघत होतं तेव्हा पैसे भरून दिलेली जाहिरातसुद्धा 'केसरी'ने छापली नव्हती, हे आपण प्रत्येक 31 जानेवारीला भाषणात सांगतो. त्यातून बाबासाहेबांनी काय केलं? स्वतःची पत्रं काढली, स्वतःचा छापखाना उभारला. पुस्तकांसाठी राजगृह बांधलं. शिक्षणासाठी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती व्यक्तीच्या नावावर नाही, संस्था म्हणून. छापखाना ज्या इमारतीत होता ते दादरचं आंबेडकर भवन 2016 च्या जूनमध्ये पाडलं गेलं. म्हणजे स्वतःची इमारत असली तरी सगळं भागतं असं नाही. एकाच जागी ठेवलेलं एका रात्रीत जाऊ शकतं. म्हणून 'कंपनी नको, आपलंच यंत्र घेऊन विहारात ठेवू' असं जे तरुण तावातावाने म्हणतात त्यांच्याशी आम्ही पूर्ण सहमत नाही. विहारात पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. एका खोलीतला एक संगणक म्हणजे क्लाउड नव्हे. आणि जे ज्येष्ठ म्हणतात, 'यूट्यूबवर टाका की, लोक ऐकतील', त्यांच्यासमोर आम्ही त्या शेतमजूर भावाचे जोडलेले हात ठेवतो.

मग आम्ही काय केलं? आमची अभ्यासिका, दोन विहार समित्या आणि एक वाचनालय अशा चौघांनी बसून ठरवलं. खातं व्यक्तीच्या नावाने नाही, नोंदणीकृत संस्थेच्या नावाने. ईमेल संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर. ओटीपीचा नंबर संस्थेचा, आणि त्याचं रिचार्ज विहाराच्या लाइट बिलासोबत वर्गणीतून. भाड्याने एक लहान सर्व्हर घेतला आहे, म्हणजे पहिला प्रकार. त्यावर नेक्स्टक्लाउड नावाचं मुक्त सॉफ्टवेअर बसवलं आहे. त्यामुळे वापरणाऱ्याला तिसऱ्या प्रकारासारखी सोय मिळते, पण कुलूप आपलं राहतं. अपडेटची पाळी दोन पोरांवर, आलटून पालटून, रमीची आठवण ठेवून. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. ज्यांच्या घरच्यांनी लेखी संमती दिली तेवढीच रेकॉर्डिंग इंटरनेट आर्काइव्हवर. ती ना-नफा संस्था आहे, 1996 पासून काम करते, स्वतःची यंत्रं चालवते. पण 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिच्यावरही सायबर हल्ला झाला आणि ती काही दिवस बंद होती, म्हणून तिथली प्रत ही एकमेव प्रत ठेवायची नाही.

याला सामुदायिक क्लाउड म्हणणं जरा धाडसाचंच. चौघांनी मिळून घेतलेला भाड्याचा गाळा आहे हा. जमीन अजून दुसऱ्याचीच. पण जिल्ह्यात अशा पंचवीस संस्था आहेत, राज्यात किती असतील? प्रत्येकाकडे जयंतीच्या व्हिडिओंपासून जुन्या 'प्रबुद्ध भारत'च्या पिवळ्या अंकांपर्यंत काही ना काही आहे आणि ते कुणाच्या तरी फोनमध्ये आहे. डीजेवरच्या खर्चाचा विषय काढला की मंडळवाले आमच्यावर चिडतात, म्हणून काढत नाही.

व्यक्तिगत खाती तर राहणारच. त्यांच्यासाठी एक काम आजच करता येईल. आपण गेल्यावर खात्यातला मजकूर कुणाला मिळावा हे नोंदवून ठेवायची सोय गूगल आणि ॲपल दोघांकडेही आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आपल्या पश्चात आपले हक्क वापरण्यासाठी कुणाला तरी नेमण्याचा हक्क दिलेला आहे. आमच्या सहकाऱ्याने ते केलं असतं तर हा लेखच लिहावा लागला नसता. पण तो 34 वर्षांचा होता. त्या वयात असं काही सुचतं का?

जे 16 आवाज परत मिळाले ते क्लाउडमधून मिळालेच नाहीत. आम्ही पुन्हा गावोगाव फिरलो. कुणाच्या नातवाच्या फोनमध्ये पाठवलेली फाइल होती, कुणाच्या जुन्या मेमरी कार्डात, एक तर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या डब्यात सापडलं. बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता नाहीत, त्यामुळे पुन्हा रेकॉर्ड करायचा प्रश्नच मिटला. नदीकाठच्या वडिलांची गोष्ट सांगणारे आजोबा 2020 मध्येच गेले. त्यांचं रेकॉर्डिंग त्या 27 मध्ये आहे. वर जे लिहिलं ते आठवणीतून लिहिलं आहे. त्यांच्या नातीने परवा विचारलं, आजोबा 'नदी' म्हणाले होते की 'डोह'? आमच्यातल्या दोघांना नदी आठवते, एकाला डोह.

जयभीम.